‘पेंढारी’ : एका शब्दाची मुलूखगिरी

१

मराठीत अनियमित युद्धपद्धतीशी निगडित असलेल्या शब्दांपैकी ‘गनिमी कावा’ आणि ‘पेंढारी’ या दोन शब्दांच्या वाट्याला आलेले भवितव्य परस्परविरुद्ध आहे. पहिला शब्द अभिमानाचा झाला. शालेय पाठ्यपुस्तकांपासून ऐतिहासिक कादंबरीपर्यंत सर्वत्र तो सन्मानाने वावरतो. दुसरा शब्द शिवीसारखा वापरला जातो. सार्वजनिक निधीचा अपहार करणाऱ्यास ‘पेंढारी’ म्हटले की अधिक काही सांगावे लागत नाही. वस्तुतः दोन्ही शब्दांमागील व्यवहारात पुष्कळ साम्य आहे. हलकी घोडदळी, वेगवान हालचाल, समोरासमोरची लढाई टाळणे, शत्रूची रसद तोडणे आणि शत्रूच्या मुलखावर स्वतःचा निर्वाह करणे, ही दोहोंचीही लक्षणे होत.

व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले तर हा विरोधाभास अधिकच ठळक होतो. ‘गनीम’ हा शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आला. अरबीत ‘गनीमत’ म्हणजे युद्धात हाती आलेली लूट, आणि गनीम हा शब्द त्याच धातूपासून निघालेला आहे. मोगल दरबारचे फारसी लेखक मराठ्यांचा उल्लेख ‘गनीम’ असा करीत, तेव्हा त्यात शत्रुत्वाबरोबर तुच्छताही असे. म्हणजे शत्रूने दिलेले आणि मुळात लुटीशी संबंध असलेले नाव मराठीने स्वतःच्या युद्धतंत्राचे बिरुद म्हणून मिरवले. याउलट ‘पेंढारी’ हा शब्द मराठी सैन्यव्यवहारात वावरलेला आणि, पुढे दाखविण्याचा प्रयत्न केल्याप्रमाणे, बहुधा मराठीतच घडलेला. तो मात्र मराठीने परक्याचा म्हणून दूर लोटला.

असे का झाले, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. तो केवळ कोशकाराचा प्रश्न नाही. अनियमित योद्ध्याचे नाव त्याच्या कृत्यावरून ठरते की युद्धानंतर इतिहास कोण लिहितो यावरून ठरते, हा त्यातला खरा मुद्दा आहे. ‘पेंढारी’ हे प्रथम एका कामाचे नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते एका जमातीचे नाव बनविण्यात आले, आणि शब्दाच्या व्युत्पत्तीची निवडही या रूपांतराला साजेशी करण्यात आली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

‘पेंढारी’च्या व्युत्पत्तीसंबंधी जी मते मांडली गेली, त्यांतील प्रमुख चार येथे विचारात घ्यावयास हवीत.

पहिले मत जॉन माल्कमचे. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या आपल्या ग्रंथात तो सांगतो, की ‘पिंडा’ नावाच्या मादक पेयाच्या दुकानी हे लोक सतत पडलेले असत, म्हणून त्यांना पिंडारी हे नाव पडले. या मतासाठी त्याने करीमखान या पेंढारी म्होरक्याचीच साक्ष काढली आहे. दुसरे मत एच. एच. विल्सनचे. १८५५च्या आपल्या पारिभाषिक कोशात त्याने हा शब्द मराठी धरला आणि ‘पेंढा’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडला. सैन्याबरोबर राहून वैरण गोळा करून आणणारे ते पेंढारी, असा त्याचा आशय. तिसरे मत यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६च्या कोशात आढळते. आधीच्या मतांनी त्यांचे समाधान झाले नाही. म्हणून मराठीतील ‘पिंडास बसणे’ आणि हिंदीतील ‘पिंड पडणे’ या पिच्छा पुरविण्याच्या अर्थाच्या वाक्प्रचारांकडे त्यांनी बोट दाखविले. अर्थात ही केवळ एक सूचना आहे, असे त्यांनी स्वतःच नमूद केले. चौथे मत विल्यम अर्विनचे. १९०० साली ‘इंडियन अँटिक्वरी’त लिहिताना त्याने बऱ्हाणपूर आणि नर्मदाकाठचे हंडिया यांच्या परिसरातील ‘पांढार’ अशा स्थलनामाकडे या शब्दाचे मूळ नेले.

या चार मतांकडे एकत्र पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. यांतील प्रत्येक मत हे शब्दाविषयीचे विधान असून त्याच वेळी ‘हे लोक कोण होते’ या प्रश्नाचे उत्तरही आहे. माल्कमच्या मते ते दुराचरणी होते. विल्सनच्या मते ते एक काम करणारे लोक होते. यूल-बर्नेल यांच्या मते ते चिकटून राहणारे उपद्रवी होते, तर अर्विनच्या मते एका प्रदेशाचे रहिवासी. व्युत्पत्ती ही निरुपद्रवी विद्या नाही. नावाचे मूळ शोधताना नामधारकाचा स्वभाव ठरविला जात असतो.

माल्कमच्या मताचा विचार करताना साक्षीदाराची स्थिती विसरून चालणार नाही. करीमखान फेब्रुवारी १८१८मध्ये माल्कमला शरण आला. ज्याच्या हाती आपले जीवित आणि पुढील निर्वाह आहे, अशा विजेत्याशी तो बोलत होता. शिवाय त्याची बोली हिंदुस्थानी होती. शब्द मराठी असेल तर त्याच्या घडणीविषयी त्याची साक्ष निर्णायक ठरू शकत नाही. आपल्या नावाचे मूळ विचारले असता कोणताही मनुष्य कानाला जवळचा वाटणारा शब्द सांगतो. लोकव्युत्पत्ती सर्वत्र अशीच जन्मते. ती खोटी असते असे नव्हे. ती शब्दाच्या उगमाविषयी नव्हे तर त्या वेळच्या लोकसमजुतीविषयी खरे सांगत असते. माल्कमने ही समजूत नोंदविली हे योग्यच झाले. मात्र पुढच्या लेखकांनी तिला उगमाचा दर्जा दिला आणि व्यसनातून जन्मलेले नाव म्हणून ते उद्धृत होत राहिले.

अर्विनचे मत विद्वत्तापूर्ण आहे. फारसी साधनांवरील त्याचे प्रभुत्व वादातीत होते. तथापि मराठी वाचकाला दोन अडचणी जाणवतात. ‘पांढर’ वा ‘पांढरी’ हा मराठीत गावठाणाचा वाचक शब्द आहे. कसण्याची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. अशा शब्दावरून पडलेली स्थलनामे एकाहून अधिक असणार. त्यांतील एकालाच या नावाचे जनकत्व द्यावयाचे तर स्वतंत्र पुरावा हवा. दुसरी अडचण ध्वनीची. ‘पांढर’मधील आकाराचा ‘पेंढारी’त एकार कसा झाला, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. हंडियाच्या आसपास पेंढाऱ्यांची वस्ती होती हे खरे. चितूची छावणी तर हंडियासमोर, नर्मदेच्या पलीकडच्या तीरावर निमावरला होती. परंतु लोक एका ठिकाणी राहत होते एवढ्यावरून त्यांचे नाव त्या ठिकाणावरून पडले, असे अनुमान काढता येत नाही.

३

उरते ते पेंढ्याचे मत. विल्सनने ते संक्षेपाने मांडले. त्याला बळकटी देणारा पुरावा मराठीच्या सैनिकी परिभाषेतच आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

मराठी कागदपत्रांत आणि बखरींत वैरणीसाठी बाहेर पडणाऱ्या टोळीला ‘कही’ असा शब्द आहे. कहीस जाणे, कही मारणे, कही बंद होणे, हे प्रयोग मराठेशाहीच्या वाचकाला परिचयाचे आहेत. १७६०च्या अखेरीस पानिपतावर अब्दालीच्या स्वारांनी मराठ्यांची कही तोडली आणि तळावर उपासमार ओढवली. ‘कही’ हा शब्द फारसी ‘काह’ यापासून आला आहे, आणि ‘काह’ म्हणजे वाळलेले गवत, पेंढा. म्हणजे पेंढ्याच्या वाचक शब्दापासून वैरण आणणाऱ्या टोळीचा वाचक शब्द निघण्याची प्रक्रिया फारसीत घडलेली होती आणि तिचे फळ मराठी सैन्यात रोजच्या वापरात होते. ‘पेंढा’पासून ‘पेंढारी’ ही देशी शब्दांत घडलेली तीच प्रक्रिया होय. घडणीच्या दृष्टीनेही पिंजारी, लोणारी, भंडारी या व्यवसायवाचक शब्दांच्या रांगेत ‘पेंढारी’ सहज बसतो.

वैरणीपासून लुटीपर्यंतचा अर्थविस्तारही मराठीला नवा नव्हता. ‘घासदाणा’ हा शब्द पाहावा. घास म्हणजे गवत आणि दाणा म्हणजे धान्य. परंतु मराठ्यांच्या करव्यवहारात घासदाणा म्हणजे स्वारीच्या वाटेवरील मुलखाकडून वसूल केली जाणारी खंडणी. घोड्याच्या तोबऱ्यापासून सुरू झालेला शब्द राज्याच्या जमाखर्चात जाऊन बसला. जेथे फौज मुलखावर जगते तेथे वैरण आणि लूट यांच्यामधली रेषा पुसट असते, ही वस्तुस्थिती भाषेने नोंदवून ठेवली आहे.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. इंग्रजीतील ‘फोरे’, म्हणजे छापा वा लुटीची धाड, हा शब्द जुन्या फ्रेंचमधील वैरण गोळा करणाऱ्याच्या वाचक शब्दापासून आलेला आहे. त्याच्या मुळाशीही चारा आणि पेंढाच आहे. ज्या मार्गाने ‘पेंढारी’ गेला त्याच मार्गाने माल्कमच्या मातृभाषेतील शब्द गेला होता. पण आपल्या शब्दाचा इतिहास युद्धशास्त्राचा आणि दुसऱ्याच्या शब्दाचा इतिहास दारूच्या दुकानाचा, अशी विभागणी विजेत्याला स्वाभाविक वाटली.

या मताची दुर्बल बाजूही सांगितली पाहिजे. हिंदुस्थानीत आणि फारसी लिखाणात ‘पिंडारी’, ‘पिंडारा’ अशी इकारयुक्त रूपे आढळतात. फारसी लिपीत एकार-इकाराचा भेद दिसत नाही आणि ‘ढ’सारखा महाप्राण मूर्धन्य वर्ण व्यक्त करण्याची तिची सोय अपुरी आहे. म्हणून लिखित रूपावरून उच्चाराचा निर्णय करता येत नाही, एवढे उत्तर देता येईल. पण तेवढ्याने वाद मिटत नाही. तसेच मनूचीने सतराव्या शतकातील सैन्यांबरोबर जाणाऱ्या, शत्रूच्या मुलखात प्रथम शिरून लुटण्याची मोकळीक असलेल्या लोकांना ‘बेदेरिया’ म्हटले आहे. शाह आलमच्या गोव्याकडील स्वारीत, बारदेशात धुमाकूळ घालण्यासाठी, त्याने असे लोक नेले होते असे तो सांगतो. हे नाव म्हणजे ‘पेंढारी’चेच विकृत रूप मानण्याकडे कल असतो. पण ते ‘बेडर’, म्हणजे बेरड या नावाशीही तितकेच जुळते, आणि वाकिनखेड्याच्या बेरडांचा दबदबा औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांत किती होता हे सर्वश्रुत आहे. म्हणून मनूचीचा उल्लेख शब्दाच्या इतिहासात सावधपणेच वापरावा. ज्या कार्याचे वर्णन तो करतो ते मात्र निःसंदिग्ध आहे. परवानगीने लूट करणारा हलका स्वार मोगलांच्या सैन्यातही होता. तो मराठ्यांचा शोध नव्हे.

४

पेंढारी हे कामाचे नाव होते, याला मराठी लष्करी व्यवस्थेतून आणखी दुजोरा मिळतो. सरकारी वा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार; आणि घोडा स्वतःचा परंतु पगार नाही, लुटीची मुभा हेच ज्याचे वेतन, तो पेंढारी. ही एकाच व्यवस्थेतील उतरती पायरी आहे. पेंढाऱ्यांकडून ‘पालपट्टी’ वसूल केली जाई. पाल म्हणजे तंबू, आणि त्यावरील पट्टी म्हणजे तळावर राहून लूट करण्याच्या परवान्याची किंमत. लुटीचा ठरावीक हिस्सा सरकारात जमा होई. ज्याच्याकडून कर घेतला जातो तो व्यवस्थेबाहेरचा नसतो. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरील १९२८च्या ग्रंथात पेंढाऱ्यांचा विचार याच व्यवस्थेचा भाग म्हणून केला आहे, तो उचितच होय.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेंढाऱ्यांचे ‘शिंदेशाही’ आणि ‘होळकरशाही’ असे दोन गट मानले जात. ही नावे पाहिली तरी पुरे. कुळावरून, जातीवरून वा देशावरून ती पडलेली नाहीत. कोणत्या धन्याच्या फौजेबरोबर ते चालत, यावरून पडली आहेत. करीमखान १७९५च्या खर्ड्याच्या स्वारीत शिंद्यांच्या फौजेबरोबर होता. पुढे दौलतराव शिंद्याने त्याला आणि चितूला नबाबीचे किताब आणि मुलूख दिले, मग संशय येताच दोघांनाही कैदेत टाकले आणि दंड घेऊन सोडले. चितू हा लहानपणी दुष्काळात विकला गेलेला मुलगा. एका पेंढाऱ्याने त्याला विकत घेऊन वाढविले, असे माल्कमच सांगतो. ज्या समूहाचा सर्वांत विख्यात म्होरक्या अशा रीतीने समूहात आला, त्याला रक्ताच्या नात्याने बांधलेली जमात कसे म्हणावे? त्यांच्या टोळ्यांत मुसलमान होते तसे हिंदूही होते. ज्यांची जमीन गेली, चाकरी सुटली किंवा गाव उजाड झाले असे सर्व प्रकारचे लोक होते.

१८०३ आणि १८०५ या वर्षांतील तहांनी शिंदे-होळकरांचा मुलूख आणि उत्पन्न आटले. मोठ्या फौजा पोसणे त्यांना अशक्य झाले. स्टुअर्ट गॉर्डन यांनी माळव्यातील राज्यनिर्मिती आणि लुटारूपण यांच्या संबंधाविषयी, तसेच डर्क कोल्फ यांनी उत्तर हिंदुस्थानातील लष्करी श्रमाच्या बाजारपेठेविषयी जे विवेचन केले आहे, त्याच्या प्रकाशात पेंढाऱ्यांची १८०५नंतरची वाढ समजून घेता येते. श्रमाचा बाजार कोसळला आणि श्रमिक उरले. वेतन देणारा धनी दुर्बळ झाला तेव्हा लुटीची मुभा हेच वेतन असलेला पायरीखालचा वर्ग फुगत गेला. इंग्रजांच्या अंदाजानुसार युद्धाच्या सुमारास त्यांची संख्या वीस ते तीस हजारांच्या घरात होती. रोगाच्या कारणांत वैद्याचाही वाटा होता, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

५

येथे एक इशारा स्वतःलाच देणे अगत्याचे आहे. हॉब्सबॉमने १९५९ साली ‘सामाजिक दरोडेखोरा’ची जी कल्पना मांडली, तिच्या आधारे पेंढाऱ्याला पीडितांचा कैवारी बनविण्याचा मोह होऊ शकतो. त्याला बळी पडण्याचे कारण नाही. १८१६ साली गुंटूरच्या बाजूस झालेल्या धाडीत साडेअकरा दिवसांत ३३९ गावे लुटली गेली, १८२ माणसे मारली गेली, ५०५ जबर जखमी झाली आणि ३,६०३ लोकांचा नाना प्रकारे छळ करण्यात आला, अशी कंपनीच्या चौकशीची नोंद आहे. गाडलेले द्रव्य काढून घेण्यासाठी हा छळ होई, आणि त्याचे बळी होते ते सामान्य रयतेतील लोक. हे आकडे शत्रूने मोजले म्हणून खोटे ठरत नाहीत. त्यांत तेलुगू रयतेचे दुःख आहे, आणि कोणत्याही व्युत्पत्तीने ते पुसले जाणार नाही.

प्रश्न वेगळा आहे. ही गावे मोजली गेली. पण नियमित फौजांच्या कूचमार्गावरील, घासदाण्याखाली भरडलेली वा तोफखान्याच्या बैलांनी फस्त केलेली गावे अशा रीतीने मोजली गेली नाहीत. मराठी कागदांत रयतेच्या बाजूने अशा काळाला ‘धामधूम’ हा एकच शब्द येतो. धामधूम करणारा नियमित की अनियमित, हा भेद ज्याचे घर जळाले त्याला करावयाचा नसतो. तो भेद राज्यकर्त्यांचा आहे, आणि कोणती हिंसा युद्ध म्हणून नोंदवावयाची व कोणती गुन्हा म्हणून, हे त्यावरून ठरते. रणजित गुहा यांनी बंडविरोधी गद्याच्या १९८३मधील विश्लेषणात दाखविले, की सरकारी दप्तरातील विशेषणे घटनेचे वर्णन करण्याआधीच तिचा निकाल लावीत असतात. ‘पिंडारी’ हे नामच अशा विशेषणाचे काम करू लागले.

१८१७च्या अखेरीस गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जने सुमारे १,१३,००० सैनिक आणि ३०० तोफा मैदानात आणल्या. वीस-तीस हजार भालाईत लुटारूंसाठी एवढे सैन्य कशाला, याचे उत्तर त्या वर्षाच्या दिनदर्शिकेत मिळते. १३ जूनला पेशव्याशी पुण्याचा तह. ५ नोव्हेंबरला शिंद्याशी ग्वाल्हेरचा तह, ज्यात पेंढाऱ्यांविरुद्ध साह्य करण्याचे त्याच्याकडून कबूल करून घेतले गेले. त्याच ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई. २६-२७ नोव्हेंबरला सीताबर्डी. २१ डिसेंबरला महिदपूर. पेंढाऱ्यांचा पाठलाग करीत कंपनी मराठी राज्यांच्या उरल्यासुरल्या स्वातंत्र्यापर्यंत पोहोचली. त्यासाठी पेंढारी हा शिंदे-होळकरांचा चाकर आहे असेही म्हणावे लागे, म्हणजे त्यांना जबाबदार धरता येई. आणि तो कोणाचाच नसलेला, स्वतंत्र, रक्तानेच लुटारू असा समूह आहे असेही म्हणावे लागे, म्हणजे त्याच्याशी तह करण्याचे कारण उरत नसे. एकाच शब्दावर दोन्ही ओझी लादली गेली.

ही निवड अपरिहार्य नव्हती, हे अमीरखानाच्या उदाहरणावरून दिसते. होळकरांच्या आश्रयाने वाढलेला हा पठाण सरदार ज्या जगात वावरत होता ते पेंढाऱ्यांच्या जगाहून फार निराळे नव्हते. मात्र त्याच्यापाशी तोफखाना आणि कवायती पलटणी होत्या. म्हणून ९ नोव्हेंबर १८१७ रोजी त्याच्याशी तह झाला आणि तो टोंकचा नबाब म्हणून इतिहासात गेला. करीमखानाला गोरखपूरकडे निर्वाहापुरती जमीन मिळाली. वासिल महंमद नजरकैदेत विष घेऊन मेला. चितूला १८१९ साली असीरगडानजीकच्या जंगलात वाघाने मारले. संस्थानिक आणि लुटारू यांतील अंतर नैतिक असण्यापेक्षा तोफांचे होते.

दुसरे उदाहरण दूर देशीचे असले तरी त्याचा धागा आपल्या भूमीशी जुळतो. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी जिंकणारा आर्थर वेलस्ली पुढे स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढला. तेथील शेतकरी आणि सुटे सैनिक टोळ्या करून फ्रेंचांची रसद तोडीत, एकटेदुकटे स्वार गाठून मारीत आणि मुलखावर जगत. युद्धाच्या वाचक स्पॅनिश शब्दाचे लघुत्वदर्शक रूप म्हणजे ‘गेरिला’, छोटे युद्ध. वेलस्लीच्या १८०९च्या पत्रव्यवहारापासून हा शब्द इंग्रजीत स्थिरावू लागला आणि युद्धाऐवजी योद्ध्याला लागू झाला. स्पेनमधील या टोळ्यांनीही गावे नागवली होती. पण त्या मित्राच्या बाजूला होत्या. एकाच दशकात एकाच साम्राज्याने अनियमित योद्ध्यासाठी दोन शब्द स्वीकारले. त्यांतील एक जगभर स्वातंत्र्ययुद्धाचा वाचक झाला, दुसरा गुन्हेगारीचा. आपण आज ‘गनिमी कावा’चे भाषांतर ‘गेरिला युद्ध’ असे करतो, तेव्हा आपण कोणत्या शब्दाच्या पंगतीला बसलो आणि कोणत्या शब्दाला पंगतीतून उठविले, हे ध्यानात यावे.

६

शब्दाचा अर्थ तो कोणत्या बाजूने ऐकला जातो यावर ठरतो, याचे प्रत्यंतर ‘बारगीर’ या शब्दात मिळते. फारसीत या शब्दाचा मूळ अर्थ ओझे वाहणारा, म्हणजे ओझ्याचा घोडा. मराठीत तो सरकारी घोड्यावरील स्वाराचा वाचक झाला. त्यात निंदा नव्हती. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली १७४२पासून बंगालमध्ये शिरल्या. १७४४मध्ये भास्करराम मारला गेला, तरी १७५१च्या तहापर्यंत स्वाऱ्या चालू राहिल्या. या दशकात ‘बर्गी’ हा शब्द बंगालीत उतरला तो लुटारू या अर्थाने. गंगाराम कवीच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या समकालीन काव्यात त्या संकटाचे चित्र आहे, आणि बाळाला झोपविणाऱ्या बंगाली पाळण्यातही बर्गींचे भय शिल्लक राहिले. बंगाली माणसासाठी बारगीर, शिलेदार आणि पेंढारी असा पायऱ्यांचा भेद अस्तित्वातच नव्हता. सगळेच बर्गी होते.

मराठीने मात्र ‘बारगीर’ला त्यामुळे टाकले नाही. तो आपल्या इतिहासलेखनात पगारी स्वार म्हणूनच राहिला. बंगालमध्ये आपल्या नियमित स्वाराला जे नाव मिळाले ते आपण मनावर घेतले नाही, आणि आपल्या अनियमित स्वाराला इंग्रजांनी दिलेला अर्थ मात्र मुकाट्याने स्वीकारला. याचे कारण उघड आहे. बारगीर आपल्या राज्याच्या दप्तरात होता. पेंढारी पालपट्टीच्या नोंदीपुरताच होता. त्याची बखर लिहिणारा कोणी नव्हता. ज्याच्यामागे राज्य असते त्याला दिलेले दूषण कालांतराने विरून जाते. ज्याच्यामागे राज्य नसते त्याला ते नाव म्हणून चिकटते.

७

शब्दाचा उत्तरकाळ थोडक्यात सांगता येईल. मेडोज टेलरच्या १८३९च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीतील निवेदक अमीर अली काही काळ चितूच्या टोळीत सामील होतो. त्यामुळे इंग्रजी वाचकाच्या मनात ठग आणि पेंढारी ही एकाच अंधाऱ्या हिंदुस्थानची दोन रूपे झाली. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात ‘पिंडारी’ ही स्वतंत्र नोंद आहे. कामाचे नाव धंद्यातून निघून गुन्ह्यात आणि गुन्ह्यातून जातीच्या सूचीत जाऊन बसण्याचे वर्तुळ तेथे पूर्ण झाले. मधल्या काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. माणसाची हिंसा त्याच्या स्थितीतून नव्हे तर त्याच्या जन्मातून येते, हे गृहीतक त्यामागे होते. ‘पेंढारी’ या शब्दावर अर्धशतक आधी झालेला प्रयोग त्याच गृहीतकाचा होता.

२०१० साली आलेल्या ‘वीर’ या हिंदी चित्रपटात पेंढारी शूर आणि स्वाभिमानी देशभक्त म्हणून दाखविले गेले. वरवर पाहता ही प्रतिष्ठापना आहे. परंतु तीतही पेंढारी ही एक जमातच राहिली. काळ्या रंगाच्या जागी पांढरा आला, साचा तोच. वसाहतकालीन वर्गीकरण उलटे करणे म्हणजे त्यातून सुटणे नव्हे.

मराठी अभ्यासकाची जबाबदारी येथे अधिक आहे, कारण शब्द आपला आहे. ‘पेंढारी’ला दूर लोटण्यात आपला एक सोयीचा भागही होता. लुटीची सारी जबाबदारी एका परक्या जमातीवर टाकली की घासदाणा, मुलूखगिरी आणि पालपट्टी यांनी बांधलेली व्यवस्था स्वच्छ राहते, आणि ‘गनिमी कावा’ निर्मळ मनाने मिरवता येतो. गुंटूरच्या गावांना आणि बंगालच्या रयतेला या स्वच्छतेचा काही उपयोग नाही. पेंढारी आमच्या तळावर होता, आमच्या पालांच्या कडेला त्याचे पाल होते आणि त्याच्या लुटीचा हिस्सा आमच्या जमेत होता, हे मान्य केल्याने मराठ्यांचा इतिहास लहान होत नाही. तो खरा होतो. शब्दकोशातील ‘पेंढारी’पुढे ‘लुटारू’ हा अर्थ राहू द्यावा, कारण तो रूढ आहे. पण त्याच्या आधी, पहिल्या क्रमांकावर, ‘फौजेसाठी वैरण आणणारा बिनपगारी स्वार’ असे लिहिले जावयास हवे.